खोऱ्यातल्या श्रोत्यांचे प्रसार भारतीस पत्र

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रसार भारती, नवी दिल्ली, यांसी



पुण्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या मुख्य धारेला पाठ टेकून वसलेल्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील रेडिओ ऐकणाऱ्या माणसांच्या वतीने हे पत्र आपणांस लिहीत आहे. त्यांपैकी वेल्ह्यास आता राजगड तालुका म्हणावयाचे असा शासनाचा निर्णय झालेला आहे. तथापि लोकांच्या तोंडी अद्याप जुनेच नाव असल्यामुळे येथेही तेच राहू दिले आहे. वतीने लिहितो म्हटले, तरी त्यासाठी कोणी सभा भरवून ठराव केलेला नाही, की मुखत्यारपत्र दिलेले नाही. परंतु ज्यांच्या ओसरीवर बसून मी वर्षानुवर्षे सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐकल्या, त्यांचे म्हणणे दिल्लीपर्यंत पोहोचविण्यास दुसरा कोणी पुढे आलेला दिसत नाही, आणि ते पोहोचण्याची वेळ तर आता येऊन ठेपली आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी नभोवाणीच्या डिजिटल प्रक्षेपणाविषयी ज्या शिफारशी केल्या, त्यांत दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांसह पुण्याचाही तेरा शहरांच्या यादीत समावेश आहे. आणि आकाशवाणीच्या मध्यमलहरींवरील डिजिटल प्रक्षेपकांच्या मालिकेत पुण्याचा, हडपसर येथील प्रक्षेपक तर त्याच्याही पूर्वीपासून दाखल आहे. म्हणजे पुणे दोन्ही याद्यांत आहे. पुण्याच्या आधाराने ऐकणारी खोरी मात्र कोणत्याही यादीत नाहीत, आणि माझे सारे निवेदन त्या खोऱ्यांपुरतेच आहे.

या मुलखाची रचना दिल्लीच्या कचेरीत नकाशावरून ध्यानात येणे कठीण, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो. हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे अशी येथील प्रत्येक वस्ती दोन डोंगरसोंडांच्या मधल्या पट्ट्यात लपलेली आहे. एका सोंडेवर रायरेश्वराचे पठार, दुसरीवर राजगड, तिसरीवर तोरणा, आणि प्रत्येक दोहोंच्या मध्ये एक नदी व तिच्यावर बांधलेले एकेक धरण. एफ.एम.च्या लहरी सरळ रेषेत जातात व डोंगराच्या पाठीमागे त्यांची छाया पडते, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगावे असे नाही. सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा राजगडाच्या माथ्यावरून स्वच्छ दिसतो. परंतु माणसे आता गडाच्या माथ्यावर राहत नाहीत, ती खाली खोऱ्यात राहतात, आणि तेथे संचाची तार कितीही लांबविली तरी पुण्याच्या खासगी वाहिन्यांचे गाणे मध्येच तुटते व वळण ओलांडले की पुन्हा लागते. याच्या उलट मध्यमलहरी जमिनीला धरून चालतात, डोंगराला वळसा घालून उतरतात, आणि म्हणून ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र केळदच्या बाजूलाही, मढे घाटाच्या तोंडाशी, ऐकू येत आले आहे. या एका भौतिक कारणामुळे शहराने केव्हाच अडगळीत टाकलेला साधा ए.एम. संच इकडे घराच्या वापरातली वस्तू म्हणून टिकून राहिला.

तो कसा टिकला हे एका घरापुरते सांगतो. कानंद खोऱ्यातील एका वृद्ध शेतकऱ्याचा संच त्याच्या कोनाड्यात नेमक्या एका कोनात ठेवलेला असतो. भिंतीवर त्यासाठी कोळशाची रेघ ओढली आहे, आणि घरातल्या पोराने झाडलोट करताना तो हलविला, तर म्हातारा काही न बोलता उठून तो पुन्हा रेघेला लावतो. संचाच्या पोटात फेराइटची जी कांडी असते, तिची बाजू प्रक्षेपकाच्या दिशेकडे असली तर आवाज भरून येतो आणि टोक तिकडे गेले तर मावळतो, हे शास्त्र त्याला कोणी शिकविले नव्हते. त्याने ते रात्री संच फिरवून फिरवून शोधून काढले. भोरच्या बाजारात असे संच दुरुस्त करणारा कारागीर अजून एका टपरीत बसतो, त्याच्याकडे जुन्या संचांतून काढलेले सुटे भाग डब्यांत भरलेले असतात, आणि गिऱ्हाईक आले म्हणजे तो प्रथम मागचे झाकण काढून सेलच्या पत्र्यावरचा हिरवा गंज कानशीने खरवडतो. असा संच काही शे रुपयांत मिळतो, दोन सेलवर दीर्घकाळ चालतो, आणि आषाढात वीज गेली व मोबाइलचा मनोरा बंद पडला, तरी तो बंद पडत नाही.

मी डिजिटल प्रक्षेपणाचा विरोधक नाही, हे येथेच स्पष्ट करणे इष्ट आहे. मध्यमलहरींचे दुखणे मला ठाऊक आहे: एल.ई.डी. दिव्यांनी, इन्व्हर्टरांनी व भ्रमणध्वनीच्या चार्जरांनी गावोगावी जी विद्युत् खरखर निर्माण केली आहे, तिच्यात जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण दिवसेंदिवस बुडत चालले आहे, आणि रात्र झाली की दूरदेशीची केंद्रे त्याच जागी येऊन गोंधळ घालतात. आकाशवाणीने स्वीकारलेली डी.आर.एम. (डिजिटल रेडिओ मोंडियाल) पद्धती या दोन्ही व्याधींवर खरोखरीचे औषध आहे. त्या पद्धतीत तोच प्रक्षेपक, वीज पुष्कळ वाचवून, स्वच्छ ध्वनी देतो. एकाच लहरीवर एकाहून अधिक कार्यक्रम व त्यांच्या सोबत वाचावयाचा मजकूरही पाठविता येतो. आणि मध्यमलहरींचा गुण, म्हणजे डोंगराला वळसा घालण्याचा गुण, तसाच राहतो. वेल्ह्यासारख्या मुलखाला याहून अनुरूप तंत्र शोधूनही सापडणार नाही. देशात मध्यमलहरींचे ३५ प्रक्षेपक या पद्धतीसाठी उभे राहिले, ही आकाशवाणीच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय ज्या अभियंत्यांचे आहे त्यांना ते निःसंकोच दिले पाहिजे.

परंतु प्रक्षेपण म्हणजे अर्धे काम. पाठविणारे यंत्र सरकारने उभारले आणि घेणारे यंत्र बाजाराच्या मर्जीवर सोडले, हे या योजनेचे मूळ वैगुण्य आहे. डी.आर.एम.चे ग्रहण करणारे जे मोजके संच येथे विक्रीस आले, त्यांची किंमत दहा हजार रुपयांच्या वर गेली. ज्या लक्षावधी मोटारींतून असे संच बसविलेले आहेत, त्या मोटारी ज्यांच्या, ते शहरातील हमरस्त्यावर धावणारे लोक आहेत, आणि त्यांतील कितीजणांना आपल्या गाडीत अशी सोय आहे हे माहीत असेल, याविषयी मला शंका वाटते. वेल्ह्याच्या एस.टी.त बसणाऱ्या माणसाला त्या सोयीचा स्पर्शही होत नाही. त्याच्या कोनाड्यातल्या जुन्या संचावर शुद्ध डिजिटल प्रक्षेपण लागले, तर त्याला एक अखंड, सपाट घरघर ऐकू येते, दुसरे काही नाही. आणि तो समजतो की संच बिघडला, व तो घेऊन भोरला जातो.

यावर आपल्या खात्याचे उत्तर मला ठाऊक आहे. आकाशवाणीच्या सर्व वाहिन्या आता भ्रमणध्वनीवरील ॲपवर ऐकता येतात, असे सांगितले जाते, आणि शहरापुरते ते खरेही आहे. ज्या वाडीवर फोन लावण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, तेथे ते खरे नाही. दुसरे उत्तर एफ.एम.चे. प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठीच्या ‘बाइंड’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली, तीत २०२५-२६ पर्यंत २,५३९.६१ कोटी रुपयांची तरतूद होती, आणि एफ.एम.ची व्याप्ती लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेण्याचा संकल्प होता. संकल्प स्तुत्य आहे. पण लोकसंख्येच्या टक्केवारीने मोजमाप केले की वेल्ह्यासारखा तालुका हिशेबातून आपोआप गळतो. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५५ हजारांच्याही आत होती, पुण्याच्या एका उपनगरात त्याहून अधिक माणसे राहतात, आणि ती मोजली की टक्केवारी पुरी होते. उरलेल्या वीस टक्क्यांत जे राहतात, ते सर्व डोंगरातले, जंगलातले व सीमेवरचे लोक होत, आणि सार्वजनिक प्रसारणाची खरी गरज कोणास असेल तर ती त्यांनाच.

या गोष्टीची उलट बाजूही पुणे केंद्राच्याच इतिहासात आहे, व तिचे स्मरण आपणांस करून द्यावे असे फार दिवस मनात होते. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आतच, १९५६ च्या आरंभी, युनेस्कोच्या साहाय्याने तेथून एक प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा शेती, आरोग्य, सहकार अशा विषयांवर कार्यक्रम होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, ऐकून झाल्यावर त्यावर वाद घालीत, आणि त्यांचे प्रश्न व निर्णय लिहून पुण्याला धाडीत, ज्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमातून दिली जात. जगदीशचंद्र माथुर हे तेव्हा आकाशवाणीचे महासंचालक होते, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ यांनी प्रयोगाची तपासणी केली; दोघांनी मिळून लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि अशी मंडळे पुढे देशभर निघाली. मला त्या प्रयोगातली जी बाब आज सर्वाधिक महत्त्वाची वाटते, ती अगदी साधी आहे: कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी गावात संच होता. तो चावडीवर वा शाळेत सर्वांच्या मालकीचा म्हणून ठेवलेला होता, आणि तो चालू ठेवण्याची जबाबदारी कोणा एकावर सोपविलेली होती. अर्धपोटी असलेल्या त्या काळच्या सरकारला जे सुचले व परवडले, ते आजच्या सरकारला परवडणार नाही असे मी मानावयास तयार नाही.

आता केंद्राच्या कारभाराविषयी. डिजिटल पद्धतीचा मोठा लाभ म्हणून सांगितला जातो तो असा की, एका लहरीवर दोन-तीन कार्यक्रम एकाच वेळी पाठविता येतात. पण ते तयार कोण करणार? आकाशवाणीच्या कार्यक्रम-शाखेतील भरती दीर्घकाळ रखडलेली आहे. निवृत्त झालेल्यांच्या जागी नवे रुजू होत नाहीत. केंद्राचा कार्यभार प्रभारी म्हणून एकाच अधिकाऱ्याकडे दोन-दोन ठिकाणचा असतो. आणि रोजचा गाडा नैमित्तिक निवेदकांच्या खांद्यावर चालतो, ज्यांना उद्याची नेमणूक मिळेल की नाही हे आज ठाऊक नसते. यंत्रांना मंजुरी मिळते, माणसांना मिळत नाही. याचा परिणाम पुणेकरांनी जून २०२३ मध्ये पाहिला. पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातम्यांचे काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा हुकूम निघाला, आणि त्याचे कारण अधिकाऱ्यांचा तुटवडा असे देण्यात आले. लोकांनी आवाज उठविला, लोकप्रतिनिधींनी रदबदली केली, व तत्कालीन माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्या हुकुमास स्थगिती दिली. स्थगितीबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. परंतु ज्या तुटवड्यामुळे तो हुकूम निघाला, तो भरून निघाल्याशिवाय त्या विभागावरची टांगती तलवार दूर झाली असे आम्हांस वाटणार नाही. संभाजीनगरच्या सहकाऱ्यांविषयी मला पूर्ण आदर आहे. मात्र भाटघरच्या स्वयंचलित दरवाजांतून नीरेत पाणी सुटले किंवा वरंध घाटात दरड आली, ही बातमी सांगण्याची तळमळ व ती पडताळण्याचे साधन पुण्याजवळ जितके असेल, तितके दूरवरच्या केंद्राजवळ असणे शक्य नाही.

केंद्राच्या हाती अधिकार व माणसे असली म्हणजे काय घडते, याचा दाखला मराठी वाचकाला देण्याची गरज नाही, पण आपल्या दप्तरी तो नोंदलेला असावा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभराहून अधिक काळ याच पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ दर आठवड्यास प्रसारित झाले. कल्पना केंद्रावरील सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. छप्पन्न गीतांचा तो संकल्प राजधानीतून पुण्यास पाठविण्यात आलेला नव्हता. केंद्रातील एका अधिकाऱ्याला आपल्या प्रांतातील कवी व गायक ठाऊक होते आणि त्यांना बोलावण्याची मुभा होती, म्हणून ते घडले. आज राज्यभर एकच कार्यक्रम वाहून नेण्याकडे जो कल आहे, तो काटकसरीच्या दृष्टीने समजण्याजोगा असला, तरी त्यामुळे केंद्र हे केवळ पुनःक्षेपणाचे नाके होऊन बसते, आणि अशा नाक्यावर प्रतिभावान माणूस फार काळ थांबत नाही.

आपत्तीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो लिहिताना लेखणी जड होते. १२ जुलै १९६१ रोजी जे पानशेत फुटले, ते वेल्हे तालुक्यातले. त्याच्या पाण्याने पुणे बुडाले ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. वरच्या अंगाच्या गावांनी त्यापूर्वी व त्यानंतर काय सोसले, ते फारसे लिहिले गेले नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला व ऐंशीहून अधिक माणसे गेली. ते गाव आमच्या वरंध घाटाच्या पायथ्याच्या बाजूस आहे, आणि त्याच पावसात घाटाच्या या अंगालाही, हिर्डस मावळातील कोंढरीसारख्या वाड्यांच्या माथ्यावर, जमिनीला भेगा पडल्या. अशा रात्री वीज नसते, रस्ता नसतो, फोन लागत नाही. डी.आर.एम. पद्धतीत आपत्कालीन इशाऱ्याची अशी योजना आहे की, केंद्राने संकेत पाठविताच लावलेला संच आपण होऊन इशाऱ्याच्या कार्यक्रमाकडे वळतो आणि पडद्यावर मजकूर उमटवितो. तंत्र आहे, प्रक्षेपक आहे, इशारा देणारे हवामान खाते व जलसंपदा विभाग आहेत. फक्त कोंढरीच्या शाळेत संच नाही. एप्रिल २०२३ मध्ये भ्रमणध्वनींतील एफ.एम. ग्राहकयंत्र बंद न करण्याविषयी केंद्र सरकारने उत्पादकांना जी सूचना केली, तिच्यामागेही आपत्तीचेच कारण होते. तिचा लाभ डोंगराच्या छायेत पोहोचत नाही, हे वर सांगितलेच आहे.

सबब आमची मागणी अशी की, हडपसरच्या मध्यमलहरींच्या प्रक्षेपणावर, जुन्या पद्धतीच्या वेळा कमी करण्याचा वा ते अजिबात थांबविण्याचा कोणताही निर्णय घेण्यापूर्वी या दोन तालुक्यांत डिजिटल संच पोहोचलेले असावेत. त्याची सुरुवात प्रत्येक ग्रामपंचायत, प्राथमिक शाळा व आरोग्य उपकेंद्र यांस सरकारी खर्चाने एकेक सामुदायिक संच देऊन व्हावी, व तो सौर पट्टीवर चालणारा असावा. संचांची एवढी खरेदी एका मागणीने झाली म्हणजे किंमत उतरेल, आणि मग कोनाड्यातला खासगी संचही बदलता येईल. डिजिटल लहरीवर जी जादा वाहिनी उपलब्ध होईल, तिचा एक तास पुणे केंद्राने रोज मावळासाठी राखावा: धरणांचा विसर्ग, घाटांची स्थिती, भाताच्या रोपांची व करप्याची माहिती, एस.टी.च्या रद्द फेऱ्या. त्यासाठी एक कार्यक्रम अधिकारी व दोन निवेदक कायम नेमणुकीवर असावेत, आणि केंद्रप्रमुखास त्या तासापुरती दिल्लीच्या परवानगीवाचून निर्णय घेण्याची मोकळीक असावी. बारामतीच्या वसुंधरा वाहिनीने व म्हसवडच्या माणदेशी तरंगाने तुटपुंज्या शक्तीच्या सामुदायिक केंद्रांवर गावची माणसे बोलती केली आहेत. त्यांची सवय झालेली मुले-मुली अशा कामाला मिळतील. शंभर वॅटचे तसले एखादे केंद्र वेल्ह्यातही निघावे अशी आमची इच्छा आहे, परंतु त्याची लहर एका खोऱ्यापलीकडे जाणार नाही, आणि म्हणून ते हडपसरला पर्याय होऊ शकत नाही.

हे सर्व एकदम होणारे नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून एवढ्यावर तरी ताबडतोब विचार व्हावा की, येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या खात्याच्या एका अभियंत्यास मोजणीची यंत्रे देऊन इकडे पाठवावे. त्याने वेल्हे, पासली, केळद, निगुडघर व वेळवंड खोऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन पुण्याच्या मध्यमलहरी, एफ.एम. व डिजिटल या तिन्ही प्रक्षेपणांची शक्ती वाडीवाडीतून, दिवसा व रात्री, मोजावी, आणि तो तक्ता लोकांसाठी जाहीर करावा. कोणत्या वाडीला पायवाट कुठून आहे, हे दाखविण्यास आमच्यातील माणसे त्याच्याबरोबर येतील, आणि त्याच्या मुक्कामाची व जेवणाची तजवीज गावे करतील.



आपला,
भोर येथील एक श्रोता